उभी नळी

सुई टोचताना त्यानं मान वळवली नाही.
बघत राहिला,
परक्याच्या होडीतून माल उतरावा तसं
आपलं रक्त नळीत उतरताना.

याकूब सारंग, एकोणसाठ.
गाव दाभोळच्या खाडीकाठचं. हे फॉर्मवर नाही,
त्याच्या ‘गो बाय’वरून मी ओळखलं.
फॉर्मवर आहे : धूम्रपान – कधीच नाही.
त्या ओळीपुढं डॉक्टरांचं प्रश्नचिन्ह.
मी विचारलं, तर म्हणाला,
“एक बिडी नाय वडली गो बाय.
सत्तावीस वर्षां लोकांच्या हुक्क्यांवर निखारे ठेवतंय.”

मुहर्रकच्या बाजारामागं कॅफे,
कॅफेमागं पत्र्याची खोली,
खोलीत शेगडी, शेगडीशी हा.
पुढं गिऱ्हाइकांना सफरचंदाचा, पुदिन्याचा वास.
मागं नुसता कोळसा
आणि ऑगस्टमध्ये, दार उघडलं तर, त्याहून गरम हवा.

सकाळी त्याला यंत्रात फुंकायला लावलं.
जोरात, अजून, अजून, सोडू नका,
मीच ओरडत होते.
फुंकरीवर पोट भरलेला माणूस.
पडद्यावरची रेघ जराशी चढली, आडवी झाली.
तो ओशाळून हसला,
जणू माझंच काही सांडलं त्याच्या हातून.

आता नळी स्टँडमध्ये उभी आहे.
एक तास तिला हात लावायचा नाही.
तांबड्या पेशी खाली बसत जातात,
वर पिवळसर पाणी सुटतं,
आम्ही मिलिमीटर मोजतो.
धड रक्त खाली बसायला वेळ लावतं.
आतून धुमसणारं पटकन बसतं,
दिवसभर उभ्या असलेल्या माणसासारखं.

तोवर काच सूक्ष्मदर्शकाखाली.
पेशी एकमेकींना चिकटलेल्या,
नाण्यांच्या चळती आडव्या झाल्यात जणू.
दर महिन्याच्या तीन तारखेला
मनी एक्स्चेंजच्या रांगेत मीही असते.
नजर काढून घेतली.

सीआरपी चौदा.
आज ताप नाही, कफ नाही,
त्याच्या भाषेत आज तो ‘बरा’ आहे.
तरी चौदा.
राखेखाली विस्तव आहे का, हे बघायला
तो नुसता तळहात वर धरतो.
मला त्यासाठी जर्मन यंत्र लागतं,
आणि ते दर सोमवारी बिघडतं.

डॉक्टर म्हणाले होते,
केशरी दाण्यांच्या पेशी भरपूर निघाल्या
तर स्टिरॉइडचा पंप चांगला लागू पडेल.
म्हणून मी, आयुष्यात पहिल्यांदा,
कुणाच्या रक्तात आजाराची खूण
जास्त सापडावी म्हणून शोधत बसले.
शंभरात एक.
पुन्हा शंभर मोजल्या, कुणी सांगितलं नव्हतं.
एक.
बाकी सगळीकडं त्या दुसऱ्या,
तीन तीन तुकड्यांच्या केंद्रांच्या,
कुठल्याशा आगीकडं धावत निघालेल्या.

बाहेर शमाल सुटलाय,
काचेवर वाळू पिठासारखी बसतेय.
तो बाकावर,
गुडघ्यांवर हात रोवून, पुढं झुकून.
बरगड्यांना जागा करून द्यायला
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

“रगत काय सांगतंय गो?”
डॉक्टर सांगतील, मी म्हटलं.
मग हळूच : “ह्यो कागद कफीलाकडं जातो?”
नाही. तो वेगळा. हा तुमचाच.
तेव्हा त्यानं श्वास सोडला,
सकाळी यंत्राला दिला नव्हता
त्यापेक्षा थोडा लांब.
(हे कुठं नोंदवायचं ते मला ठाऊक नाही.)

तास भरला. सेहेचाळीस.
लिहिलं, सही केली.
खालच्या कॅफेटेरियातून दोन करक मागवले,
एक त्याच्यापुढं ठेवला.
सवयीनं त्यानं कपावर ओठ पुढं केले,
आणि तिथंच थांबला.
मग कप दोन्ही हातांत धरून बसून राहिला,
तो आपोआप निवेपर्यंत.